उसवून विणलेले

इग्बो लग्नात नवरीची आई, मावश्या आणि खुद्द नवरीसुद्धा जे भारी वस्त्र कमरेला गुंडाळतात त्याचे नाव 'जॉर्ज'. एकावर एक दोन वस्त्रे, वर लेसचा ब्लाउज, गळ्यात पोवळ्यांच्या माळा. आग्नेय नायजेरियात चारचौघींत मिरवायचे असेल तर जॉर्ज हवेच, जसा आपल्याकडे मुहूर्ताला शालू. आता हे नाव आले कुठून? मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून. ईस्ट इंडिया कंपनीच्या त्या ठाण्यातून चौकडीचे, रेघांचे सुती कापड युरोपला जाई आणि तिथून जहाजांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे त्याची किंमत कधी पामतेलात मोजली गेली, आणि त्याआधी बराच काळ माणसांत. आजचे जॉर्ज रेशमी असते, मखमली असते, जरी-टिकल्यांनी जड झालेले असते, आणि त्यातले पुष्कळसे अजूनही भारतातच तयार होऊन तिकडे जाते. आपल्याकडे ते कुणी नेसत नाही. आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

या पुस्तकाचे हस्तलिखित हाती आले तेव्हा मी आधी हाच प्रश्न घेऊन बसले: जॉर्ज हे इग्बोंचे पारंपरिक वस्त्र म्हणायचे की नाही? लेखिकेने ते निःशंकपणे पारंपरिक म्हटले आहे. सुरुवातीला मला तो उतावळेपणा वाटला. हस्तलिखित वाचून झाल्यावर माझे मत बदलले. योरुबा, इग्बो आणि हौसा या तिन्ही समाजांच्या कापडाचा इतिहास दुसऱ्याचा धागा उसवून आपल्या मागावर चढवण्याचा आहे. काही वेळा तर अक्षरशः.

नव्या वाचकासाठी थोडा भूगोल सांगायला हवा. नायजेरिया हा देश १९१४ साली ब्रिटिशांनी उत्तर आणि दक्षिणेकडचे मुलूख एकत्र जोडून बनवला. नैर्ऋत्येला योरुबा, ज्यांची वस्ती शेजारच्या बेनिन देशातही आहे, आग्नेयेला इग्बो, उत्तरेच्या कोरड्या सवानात हौसा, तेही सीमेपलीकडे नायजर देशात पसरलेले. पण कापडाच्या अभ्यासकाला या राजकीय नकाशापेक्षा मागांचा नकाशा जास्त उपयोगी पडतो. तिथे ढोबळमानाने दोन प्रकारचे माग आहेत. एक पुरुषांचा: आडवा, अरुंद. त्यावर सुमारे चार इंच रुंदीची पट्टी निघते, कधी याहूनही अरुंद. ताणा विणकरासमोर कित्येक हात लांबवर पसरलेला असतो आणि त्याच्या टोकाला दगड ठेवलेली एक घसरती पाटी बांधलेली असते. धोटा फिरत राहतो तशी ती पाटी धूळ ओढत इंचाइंचाने विणकराकडे सरकते. मग त्या लांबलचक पट्ट्या कापून, काठाला काठ शिवून वस्त्र तयार होते. दुसरा माग बायकांचा: घराच्या भिंतीला टेकवलेला, उभा, रुंद. त्यावर एका वेळी एक तुकडा होतो आणि तो घरकामाच्या मधल्या वेळात होतो. हौसांकडे दोन्ही माग आहेत, योरुबांकडेही आहेत. इग्बोंचा मुख्य माग बायकांचा उभा. रंगकामात मात्र उत्तर-दक्षिण उलटापालट आहे. योरुबांकडे निळीचे रांजण बायकांच्या ताब्यात, तर कानो शहरातल्या निळीच्या खड्ड्यांवर पुरुष. एकच नीळ, एकच रसायन, आणि दोन ठिकाणी ते काम कुणाचे याविषयी दोन पक्के नियम. लेखिका या विषयावर बरीच रेंगाळते, आणि ते योग्यच आहे.

योरुबांच्या पट्ट्यांच्या कापडाला 'अशो-ओके' म्हणतात. इसेयिन, इलोरिन, ओयो ही त्याची जुनी गावे. त्यात तीन कापडे मानाची. 'एतू' गडद निळे, जवळजवळ काळे, त्यात बारीक पांढुरक्या रेघा; नाव गिनी कोंबडीच्या ठिपकेदार पिसाऱ्यावरून आलेले. 'सान्यान' मातकट, बदामी; ते रानरेशमाचे. आनाफे नावाच्या पतंगाच्या अळ्या झाडावर सामायिक कोश बांधतात, ते राखेच्या पाण्यात उकळून हाताने सूत काततात. विदर्भातला कोसा ज्यांनी हाताळला आहे त्यांना सान्यानचा पोत सांगावा लागणार नाही. तिसरे 'आलारी', किरमिजी. याचे रेशीम मूळचे तिथले नाही. भूमध्य समुद्राकाठचे टाकाऊ रेशीम त्रिपोलीत येई, तिथून उंटांवर लादून सहारा ओलांडून कानोला, आणि कानोहून दक्षिणेला. 'आलारी' या शब्दाचा माग हौसा भाषेतून थेट अरबी 'हरीर'पर्यंत, म्हणजे रेशमापर्यंत, काढता येतो. वाळवंटातला तो व्यापार आटल्यावर विणकरांनी रेयॉन घेतले, आणि खनिज तेलाच्या पैशाच्या दिवसांत चकचकीत लुरेक्सचा धागा घेतला. जाणकारांनी नाके मुरडली. लग्नघरांनी ते हौसेने घातले. आज आजीच्या पेटीतला लुरेक्सचा 'गेले', म्हणजे डोक्याला बांधायचे ताठ वस्त्र, वारसा म्हणून जपला जातो.

योरुबा पोशाख एकदा समजून घेतला की पुढची पाने सोपी जातात. बाईचा 'इरो' कमरेला, 'बुबा' हा सैल सदरा वर, खांद्यावर 'इपेले' आणि डोक्यावर 'गेले'. पुरुषाचा 'बुबा', 'शोकोटो' ही विजार, 'फिला' ही टोपी, आणि समारंभात सगळ्यावर 'आग्बादा', पायघोळ आणि इतका रुंद की बाह्या सारख्या उचलून खांद्यावर घ्याव्या लागतात. आग्बादा घातलेला माणूस गप्पा मारतानाही ती बाही सावरत असतो, आणि हे सावरणे म्हणजे त्या पोशाखाचा निम्मा रुबाब.

'आदिरे' मात्र वेगळे प्रकरण आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचा गाभा तिथे आहे. शब्दाचा अर्थच 'बांधून रंगवलेले'. एलू या वेलीची पाने कुटून त्यांचे गोळे वाळवायचे, राखेच्या झिरपलेल्या पाण्यात ते दिवसेंदिवस आंबवायचे, आणि मग त्या उग्र वासाच्या रांजणात कापड बुडवून वर काढायचे. वर काढताना ते हिरवट दिसते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होते. जिथे रंग चढू द्यायचा नाही तिथे राफियाच्या दोऱ्याने आवळायचे, नाहीतर शिवायचे, नाहीतर कसाव्याच्या खळीने पिसाच्या टोकाने नक्षी काढायची. ही खळीची तऱ्हा, 'एलेको', जगभरच्या संग्रहालयांत प्राचीन आफ्रिकन कला म्हणून मिरवते. पण ती विसाव्या शतकातली आहे! हातविणीच्या जाडसर कापडावर इतकी बारीक नक्षी बसली नसती. त्यासाठी मँचेस्टरचे गुळगुळीत पांढरे कापड यावे लागले. तेच कापड इथल्या विणकरांच्या पोटावर पाय देत होते, आणि तेच रंगारणींच्या हातात नवी कला देत होते. 'इबादानदुन', म्हणजे 'इबादान गोड आहे', या प्रसिद्ध नक्षीत त्या शहरात १९२९ साली उघडलेल्या मापो सभागृहाचे खांब आहेत. दुसऱ्या एका नक्षीत पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९३५ च्या ज्युबिलीनिमित्त बसले आहेत. ज्या साम्राज्याचे कापड, त्याच्याच राजाचे चित्र त्यावर निळीतून उमटलेले.

आदिरेचे मोठे केंद्र आबेओकुटा. १९३० च्या दशकात तिथल्या रंगारणींनी वेळ वाचवायला कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम नीळ वापरायला घेतली. माल बिघडतो, गिऱ्हाइके तुटतात, अशा तक्रारी झाल्या; तिथल्या राजाने, म्हणजे आलाके आदेमोला यांनी, बंदी घातली; रंगारणी गप्प बसल्या नाहीत, वकील देऊन भांडल्या. शुद्ध परंपरेच्या बाजूने उभा होता राजा, आणि नव्या रसायनाच्या बाजूने त्या परंपरेवर पोट असलेल्या बाया. दहा-बारा वर्षांनी याच गावात फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी बायकांवरच्या कराविरुद्ध आंदोलन उभारले. इंग्लंडात शिकून आलेल्या या बाईंनी विलायती पोशाख सोडला. बाजारातल्या बायांसारखा इरो-बुबा घालून आणि योरुबातच बोलून त्या सभा घेऊ लागल्या. १९४९ च्या जानेवारीत त्याच आलाकेंना काही काळासाठी गादी सोडावी लागली. आपल्याकडे खादीने जे केले त्याची आठवण होईल, पण फरक लक्षात घ्यावा: इथे कुणी चरखा फिरवला नाही, विलायती कापडाची होळी केली नाही. त्यांनी फक्त अंगावरचा वेश बदलला आणि ज्या बायांसाठी लढायचे त्यांच्यासारख्या दिसू लागल्या.

उत्तरेकडे वळले की प्रमाणच बदलते. कानो हे शहर कापडावर उभे राहिले. कोफर माता वेशीजवळचे निळीचे खड्डे १४९८ सालापासूनचे असल्याचे तिथे सांगतात, आणि त्यांतले काही आजही वापरात आहेत. १८५१ साली हाइनरिख बार्थ हा जर्मन प्रवासी तिथे पोहोचला. त्याने लिहिले आहे की कानोचे कापड उत्तरेला त्रिपोली आणि पश्चिमेला तिंबक्तूच्या पलीकडे, अटलांटिकच्या काठापर्यंत जाते. या निर्यातीची किंमत त्याने वर्षाला किमान तीस कोटी कवड्या धरली. आपण एखाद्या गोष्टीला कवडीमोल म्हणून हिणवतो. ती कवडी तिथे खणखणीत नाणे होती, आणि त्यातला मोठा साठा मालदीवच्या समुद्रातून निघून तिथवर पोहोचला होता.

या भरभराटीमागे १८०४ साली उस्मान दान फोदियो यांच्या जिहादमधून उभी राहिलेली सोकोतोची खिलाफत होती. एका सत्तेखाली आलेला विस्तीर्ण मुलूख, सुरक्षित रस्ते, आणि अंगभर झाकणाऱ्या पोशाखाला धर्माने दिलेली प्रतिष्ठा. आणि गुलाम. कापसाच्या, निळीच्या शेतांवर राबणारे हात पुष्कळदा युद्धात पकडून आणलेल्यांचे होते. कानोच्या वैभवाचे वर्णन करताना ही ओळ गाळणारी पुस्तके मी वाचली आहेत. या पुस्तकाने ती गाळलेली नाही.

हौसा पुरुषाचा 'बब्बर रीगा' म्हणजे शब्दशः 'मोठा झगा'. छातीवर आणि पाठीवर हाताचे भरतकाम, तेही पुरुषांनीच केलेले, आणि त्यात कुराण शिकवणारे मल्लमही असत. नक्षीतल्या लांबट टोकदार आकारांना 'आस्का', म्हणजे सुऱ्या, म्हणतात. दोन सुऱ्यांचा झगा, आठ सुऱ्यांचा झगा, अशी मोजदाद. अमीर एखाद्याला पद देतो तेव्हा झगा देतो आणि डोक्याला 'रावानी' हा फेटा बांधतो. पद मिळाले असे सांगायला हौसा लोक फेटा बांधला असेच म्हणतात. मराठी वाचकाला मानाचे पागोटे समजावून सांगायला नको. बारकाईने पाहिले तर योरुबांचा आग्बादा हा याच झग्याचा दक्षिणेकडचा भाऊ आहे. तो व्यापारी, मौलवी आणि घोडेस्वारांबरोबर खाली उतरला. भाषा योरुबा आणि सत्ता सोकोतोची अशा इलोरिनमध्ये तो कुणाचा हे ठरवणे व्यर्थ आहे.

कानोजवळच्या कुरा गावात एक विलक्षण कापड होत असे, 'तुर्कुदी'. बोटभर रुंदीच्या पट्ट्या विणायच्या, हाताने एकमेकींना शिवायच्या, निळीत पुन्हा पुन्हा बुडवायच्या, आणि मग निळीची पूड घालून लाकडी मोगऱ्यांनी बडवत राहायचे, इतके की कापड धातूसारखे जांभळट चमकू लागते. ते फेट्यासाठी घेत वाळवंटातले तुआरेग. त्या फेट्याची नीळ चेहऱ्यावर उतरते, आणि त्यांना ती तशी उतरायला हवीच असते. ज्याचा रंग जातो तेच कापड खरे, ही गोष्ट आपल्या दुकानदाराला पटवून पाहावी.

ब्रिटिशांनी कानो घेतले ते १९०३ साली. लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा होता. ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन त्याच्याच मागे होती, आणि १९११ साली रेल्वे कानोला पोहोचली तीही त्याच आशेने. शेतकऱ्याने हिशेब केला. कापसाला साहेबापेक्षा गावचा विणकर चांगला भाव देत होता, आणि आगगाडीत भरायला भुईमूग परवडत होता. गाडी भुईमुगाने भरून गेली. वसाहतीच्या इतिहासात देशी मागाने दिलेला इतका शांत धक्का मला दुसरा आठवत नाही.

इग्बोंकडे येताना बहुतेक लेखक घाई करतात. अक्वेतेचे नाव घेऊन पुढे जातात. वास्तविक या संपूर्ण प्रदेशातल्या कापडाचे फार जुने पुरावे इथलेच आहेत. १९३८ साली इग्बो-उक्वू गावात आयझाया अनोझी यांनी पाण्याच्या टाकीसाठी खणायला घेतले तेव्हा काशाची भांडी लागली. पुढे थर्स्टन शॉ यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. साधारण नवव्या शतकातले ते अवशेष. बसलेल्या स्थितीत पुरलेला कुणी थोर माणूस आणि लाखाहून जास्त मणी. त्या काशाला चिकटून विणलेल्या कापडाचे तुकडे राहिले होते. दमट मातीत कापड टिकत नाही. धातूच्या गंजाने ते राखले. हा माणूस कोण हे कळत नाही, पण त्याच्या गावाला विणकाम येत होते हे कळते.

अक्वेते हे आजच्या अबिया राज्यातले गाव, नायजर नदीच्या मुखाकडच्या व्यापारी वाटेवरचे. इथल्या बायकांचा उभा माग चांगला रुंद, आणि बाण्यात जादा धागा घालून उठवलेली नक्षी हे त्यांचे वैशिष्ट्य. गावात सांगितले जाते की दादा न्वाकाता नावाच्या विणकर बाईने बाहेरून आलेले कापड उसवले, त्याचे रंगीत धागे वेगळे केले आणि आपल्या मागावर चढवले. तिची कला कुणी चोरू नये म्हणून ती एकांतात विणे. एकोणिसाव्या शतकातली ही आख्यायिका अक्षरशः घडली की नाही यावर वाद घालता येईल. किनाऱ्यावरच्या इजो लोकांचे कासव, 'इकाकी', अक्वेतेच्या नक्षीत आले आहे आणि तिथली श्रीमंत घराणीच त्या कापडाची मोठी गिऱ्हाइके होती, यावर वाद नाही. 'उकारा' त्याहून गूढ. एक्पे या पुरुषांच्या गुप्त मंडळाचे हे निळे-पांढरे कापड, त्यावर न्सिबिदी लिपीची चिन्हे, बिबळ्याचे ठिपके सुचवणारे पट. एझिल्लो भागात ते रंगवले जाते, आणि मंडळाचा सदस्य नसलेल्याने ते नेसायचे नसते. इसिआगूविषयी एवढेच: बिबळ्याच्या मुंडक्यांचे छाप, सोनेरी बटणे, कारखान्यात निघणारे हे कापड. आज कुठल्याही इग्बो समारंभात लाल टोपीखाली तेच दिसते, आणि कारखान्यातले म्हणून कुणी त्याला उपरे म्हणत नाही.

या विषयाच्या अभ्यासालाही वळणे आहेत. वसाहतकाळात हे सगळे 'हस्तव्यवसाय' या सदरात नोंदले जाई. १९७० च्या दशकात जोआन आयकर यांनी नायजेरियातल्या हातकापडांची नोंद केली. जॉन पिक्टन आणि जॉन मॅक यांनी १९७९ साली ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहावरून आफ्रिकन कापडाचे तंत्र मांडले. लगेच व्हेनिस लँब आणि जूडी होम्स यांचे नायजेरियन विणकामावरचे काम आले. मागाचे प्रकार, नक्षीची नावे, गावांचे नकाशे यांचा पाया या मंडळींनी घातला. पुढच्या पिढीने कापडाभोवतीची माणसे शोधली: एलिशा रेन यांनी बुनू योरुबांच्या जन्म-लग्न-मरणातले कापड, ज्युडिथ बायफील्ड यांनी आबेओकुटाच्या रंगारणींचा जमाखर्च, कोलीन क्रिगर यांनी सोकोतोचे झगे आणि त्यामागचे श्रम. या पुस्तकाचा ओढा दुसऱ्या प्रवाहाकडे आहे. मला तो पटतो, जरी माग कसा चालतो हे समजावताना लेखिका कधीकधी फार घाई करते.

हे सगळे आता मराठीत का? कारण ही गोष्ट संपलेली नाही, आणि आपल्याला ती अनोळखीही नाही. कादुनातल्या, १९५७ नंतर उभ्या राहिलेल्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला त्या शहराचे चित्र डोळ्यांपुढे आणणे अवघड जाणार नाही. युरोप-अमेरिकेतले वापरलेले कपडे गाठोड्यांनी येतात. त्यांना ओक्रिका या बंदरगावावरून 'ओक्रिका'च म्हणतात. आबेओकुटाच्या इतोकू बाजारात हाताच्या आदिरेशेजारी परदेशात छापलेली त्याची नक्कल विकायला असते. उलट बाजूने, शादे थॉमस-फाम यांनी साठच्या दशकात लागोसमध्ये आधीच बांधून तयार केलेला गेले विकायला आणला. नऊवारी शिवून मिळू लागली तेव्हा आपल्याकडे जी कुरकुर झाली ती आठवावी. आणि 'अशो एबी', म्हणजे सगळ्या गोतावळ्याने समारंभाला एकाच कापडाचे कपडे घालण्याची योरुबा रीत, आज इग्बो लग्नांत आहे, हौसा लग्नांत 'अंको' नावाने आहे. तिच्यापायी लोक कर्जही काढतात. यजमानीण कापड विकून त्यावर थोडा नफा ठेवते, हेही सगळ्यांना माहीत असते.

पुस्तकाने स्वतःपुढे ठेवलेले काम मर्यादित आहे: तीन समाजांचे कापड त्यांच्या कामाच्या जागी, म्हणजे माग, रांजण, बाजार, दरबार, लग्नघर इथे पाहायचे, आणि कोणता धागा कुठून आला ते सांगत राहायचे. योरुबा शब्दांतले स्वर देवनागरीत पूर्ण उतरत नाहीत. लेखिकेने उच्चाराशी शक्य तितके प्रामाणिक राहून एकच लेखन पाळले आहे. माझी तक्रार नावापुरती. नायजेरियात अडीचशेहून अधिक समाज आहेत. ओकेनेच्या एबिरा विणकर बाया, नुपे भरतकाम करणारे, नायजेरियातल्याच बेनिन शहराचे एदो, बोर्नूचे कानुरी हे सगळे मुखपृष्ठावरच्या तीन नावांत हरवतात. लेखिकेला हे ठाऊक आहे, म्हणूनच तिने नियम मोडून शेवटी कालाबारींना जागा दिली असावी.

कालाबारी हे नायजरच्या मुखाशी राहणारे इजो. भारतातून आलेल्या चौकडीच्या कापडाला ते 'इंजिरी' म्हणतात. आंध्रच्या गोदावरीकाठच्या इंजरम या गावाचे ते नाव, जिथून हे कापड कधीकाळी जहाजावर चढे. अस्सल माल ते वासावरून ओळखत. तिथल्या बायका ते कापड मांडीवर घेतात, पातळ पाते हाती धरतात, आणि ठरावीक ठिकाणचे धागे एक एक उचलून, कापून, ओढून काढतात. राहिलेल्या धाग्यांतून जाळीदार नवी नक्षी उमटते. त्याला 'पेलेते बिते' म्हणतात, कापलेल्या धाग्याचे कापड. एका वस्त्राला कित्येक दिवस लागतात, आणि काम संपते तेव्हा आपल्याकडच्या विणकराने विणलेले कापड वजनाने थोडे हलके झालेले असते.